सगळ्यांच्या मागून जेवणारा

सीवूड्स, नवी मुंबई
रविवार, दुपार

प्रिय गोटीराम यास नंदकुमारचा साष्टांग (गुडघे दुखतात, म्हणून मनातल्या मनात) नमस्कार.

मी इकडे खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. तुझं कसं आहे? कानाचं यंत्र घालतोस की अजून कपाटातच ठेवलंयस? मागे फोनवर मी तुझी तब्येत विचारली, तर तू मला आंब्याचा मोहोर सांगत बसलास. मग मी स्मिता गेल्याचं सांगितलं, त्यावर म्हणालास, वा, छान झालं, देवाची कृपा. मी रागावलो नाही. (नंतर तुझ्या सूनबाईंनी तुला समजावून सांगितलं आणि तू दोन दिवस पडवीत कुणाशी बोलला नाहीस, हेही त्यांनीच मला कळवलं.) म्हणून या खेपेला पत्र.

विषय जेवणाचा आहे. गोटीराम, मला जेवण जात नाही. डॉक्टरांनी माझे सगळे रिपोर्ट काढले, सगळे चांगले आले, त्यामुळे त्यांचीच पंचाईत झाली. भूक लागते का, म्हणाले. लागते म्हटलं. मग जेवत का नाही? आता त्या एसीत बसलेल्या माणसाला मी कसं सांगणार, की बाबा रे, अजून कुणी जेवलेलं नाही, मी आधी कसा जेवू? हे जगात फक्त तुला कळेल, कारण त्या गलबतावर सुकाण तू धरायचास आणि भात मी शिजवायचो.

आठवतं ना? मी कॉलेज सोडून कादंबरीसाठी अनुभव गोळा करायला शिडाच्या गलबतावर आलो होतो. (ती कादंबरी अजून लिहायची आहे. सोसायटीत तरी मला रायटर काका म्हणतात.) मला वाटलं होतं, डोलकाठीवर चढून क्षितिज बघेन. मंगळूरहून कौलं भरून बंदर सोडलं आणि पहिल्याच लाटेला माझं पोट आणि क्षितिज दोन्ही जागेवरून हललं. तेव्हा आपल्या तांडेलने, म्हणजे गलबताच्या म्होरक्या कोंडिबाने, मला एकदा वरून खाली बघितलं आणि चुलीपाशी बसवलं. झालो भंडारी, म्हणजे गलबतावरचा आचारी. भंडाऱ्याचा नेम कोंडिबाने पहिल्याच दिवशी सांगितला होता. सगळे खलाशी जेवून हात धुतल्याशिवाय भंडाऱ्याने घास घ्यायचा नाही. अन्न पुरलं नाही तर तो उपाशी राहील, आणि अन्न बिघडलं तर त्याला सगळ्यांच्या मागून कळेल.

मला तसंच कळलं. पिंपातलं गोडं पाणी जपायचं म्हणून भातात निम्मं पाणी समुद्राचं घालायचं, हे तू मला शिकवलंस, पण मग वर मीठ घालायचं नाही हे सांगायला विसरलास. (माझ्या मते मुद्दाम.) मी आईच्या हाताने, म्हणजे मूठभरून, मीठ घातलं. सगळे मुकाट्याने जेवले. तू तर पुन्हा मागून घेतलास. मला काय अभिमान वाटला रे! मग मी माझी ताटली घेतली, तर एकही जण उठेना. सगळे हात धुऊन माझ्या तोंडाकडे बघत बसलेले. कोंडिबा शांतपणे म्हणाला, "आमी जेवलाव. आता तू जेव." मी घास घेतला, आणि कौलांवर पडून हसणारी ती तुमची टोळी मला अजून दिसते. डोळ्यांतून पाणी काढत मी तो सगळा भात संपवला. मग कोंडिबाने आपल्या वाट्याचं गोडं पाणी माझ्यापुढे सरकवलं, आणि मी गटागटा प्यालो. त्या दिवसापासून मी तुमच्यातला झालो. इतक्या माणसांचा मी परत कधीच झालो नाही.

तो नेम माझ्या अंगातच बसला. लग्न झालं तर स्मिताच्या माहेरी बायकांनी नवऱ्याच्या मागून जेवायची रीत. आता हा मागून जेवणारा आणि ती मागून जेवणारी, म्हणजे आमटी रोज तीनदा गरम व्हायची. शेवटी तिने तोडगा काढला. स्वयंपाकघरात जायची, ताटाचा आवाज करायची आणि तिथूनच ओरडायची, "जेवले हो मी." की मी बसायचो. ती धादांत खोटं बोलते हे मला पहिल्या महिन्यात कळलं होतं. पण कुणीतरी जेवलो म्हटल्याशिवाय माझा हात ताटाकडे जात नाही, आणि ती म्हणायची. आता म्हणत नाही.

मी प्रयत्न केले नाहीत असं समजू नकोस. आशुतोष कॅनडात. आपण इथे जेवायला बसावं तर तो झोपलेला, आणि रात्री विचारावं तर म्हणतो, बाबा, मी सकाळी फक्त शेक घेतो. शेक पिणं म्हणजे जेवणं नव्हे, कोंडिबाने चालवून घेतलं नसतं. मग आमच्या वॉचमनला, शिवाला, डबा नेऊन द्यायला लागलो. चांगला माणूस, तुर्भ्याहून सायकलवर येतो. तो जेवेपर्यंत मी समोर उभा राहायचो आणि मग वर येऊन छान जेवायचो. आठवडाभर अंगाला लागलं. मग तो एक दिवस म्हणाला, "काका, जेवन झकास हाय, पन तुमी असं बघत ऱ्हाता ना, घास उतरत नाय." दुसऱ्या दिवसापासून त्याने मागच्या गेटवर ड्यूटी मागून घेतली. त्याचं बरोबरच आहे.

मग स्टेशनजवळच्या मॉलमध्ये गेलो. तिथे एक अख्खा मजला माणसं जेवत असतात. म्हटलं, इथे सोय होईल. डोसा घेतला आणि सगळ्यांचं आटपायची वाट बघत बसलो. पण गोटीराम, तिथे कुणाचं आटपतच नाही! एक टेबल उठलं की दुसरं येऊन बसतं. डोशाचा पापड झाला, पापडाचं कातडं झालं. शेवटी सिक्युरिटीवाल्या मुलीने अदबीने विचारलं, अंकल, कुणी यायचंय का? मी हो म्हटलं. का म्हटलं कुणास ठाऊक. मग कुणी येईना तेव्हा लाज वाटली, आणि डोसा बांधून घेऊन घरी आलो. चौदाव्या मजल्यावरून खाडी दिसते. तिच्याकडे बघत बसलो. खूप एकटं वाटलं, आता तुझ्यापासून काय लपवायचं.

बाकी सर्व ठीक. सूनबाईंना आशीर्वाद, नातवंडांना पापा. तुझ्या गुडघ्यांना माझ्या गुडघ्यांचा नमस्कार.

तुझा,
नंदकुमार (भंडारी)

ता. क. एक काम होतं. रोज दुपारी एकच्या सुमाराला मला फोन करायचा आणि नुसतं "जेवलो" म्हणून ठेवून द्यायचा. ऐकू येत नाही ही सबब सांगू नकोस. तुला ऐकायचं काहीच नाहीये, फक्त बोलायचं आहे.

ता. ता. क. एखाद दिवशी जेवला नसलास तरी जेवलो म्हण. मी ओळखेन, पण मला सवय आहे.

ता. ता. ता. क. पोस्टाचा कारभार बघता हे पत्र तुला मिळायला आठवडा तरी लागेल. तोवर तू रोज एक वाजता जेवतोस असं धरून मी ताट वाढून घेणार आहे. तेवढा उशीर करू नकोस रे.