परदेशी फुलांचं निर्माल्य

शेणवा, ता. शहापूर
सोमवार, ५ जून २००६

चि. हरेश यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. तुझ्या भावोजींचा गुडघा बरा आहे. पूजा सासरी रुळतेय. भाताच्या रोपांसाठी राब भाजून झालेत, आता पावसाची वाट.

आता एक विचारते, खरं सांग. पूजाच्या लग्नात तू जी फुलं आणलीस, त्यांच्यावर काय मारलेलं होतं?

"काय मारणार ताई, फुलं ती फुलं," असं पुन्हा म्हणू नकोस. परवा फोनवर एवढंच बोललास आणि गिऱ्हाईक आलंय म्हणून फोन ठेवलास. माझ्या प्रश्नालाच बरं तुझं गिऱ्हाईक येतं! म्हणून पत्र लिहायला बसले.

मामाचा मान म्हणून मांडव तू सजवलास, गावभर नाव झालं, ते नाकारत नाही. असली जांभळी, मेणातून काढल्यासारखी फुलं शेणव्यात कुणी पाहिली होती? तुझा कल्याणचा शेठ ती थायलंडहून विमानानं मागवतो, तिथून थंड गाडीतून आणतो, हे तूच ऐटीत सगळ्यांना सांगत होतास. थर्माकोलचे खोके केवढे, प्लॅस्टिक केवढं! ते अजून कुंपणाला अडकून फडफडतंय. आणि प्रत्येक देठाला पाण्याची वेगळी नळी! मे महिन्यात आम्ही बायका लांबच्या विहिरीवरून हंडे आणतो, आणि फुलांचे लाड बघा. तेव्हा मी गप्प बसले. भावाचं मन मोडायचं नव्हतं.

गुणाबाईलाही तू परत पाठवलंस. आटगाव स्टेशनाबाहेर मोगरा विकते ती, आपल्या पाड्यावरची. आदल्या दिवशी बिचारी टोपलीभर मोगरा, कुड्याची पांढरी फुलं, बहाव्याचे पिवळे घोस घेऊन आली होती. जे या दिवसांत रानात फुलतं तेच तिनं आणलं. तू म्हणालास, "असली जंगली फुलं गेटला लावून माझं नाक कापू नका." ती टोपली डोक्यावर घेऊन गेली.

तुझी फुलं मात्र चार दिवस झाले तरी टवटवीत. मला बरं वाटायला हवं होतं ना? नाही वाटलं. एक मधमाशी फिरकली नाही रे त्यांच्यावर. एक मुंगी नाही. दारच्या मोगऱ्यावर माश्या नुसत्या घोंगावत होत्या आणि हाताच्या अंतरावर तुझ्या फुलांना कुणी हुंगेना. जे माशीला नको, ते कसलं फूल?

आपली तांबू गाय गेली ते तुला कळलंच आहे. सात महिन्यांची गाभण होती. तोंडाला फेस आला, पाय ताठ झाले. शहापूरहून डॉक्टर येईपर्यंत मान टाकली होती. ते म्हणाले, "कीटकनाशक पोटात गेलंय. काय खाल्लं हिनं?" अंगणात सगळा गाव जमलेला.

लोक म्हणतात, रंभानं घातलं. माझी धाकटी जाऊ, मधे फक्त कारवीचा बुटका कूड. तिनं त्याच सकाळी वांग्यांवर औषध फवारलं होतं, पंप अजून ओटीवर होता. बांधावरून आमचं वाजलेलं सगळ्यांना ठाऊक. मीही आठ दिवस तिच्या चुलीच्या धुरावरसुद्धा संशय घेत होते. तिनं विहिरीवर कळशी बुडवली की मी माझा हंडा पालथा करायचे.

आता तिच्याकडे कुणी हळदीकुंकवाला जात नाही. त्याहून वाईट म्हणजे भूमिकेचं. रंभाची पोर, बारावी पास, मुरबाडचं चांगलं स्थळ ठरत आलेलं. कुणीतरी तिकडे कळवलं, मुलीच्या आईनं गाभण गाय मारली. ते लोक येत्या रविवारी येतायत, साखरपुडा धरायला की मोडायला, देव जाणे. पोरगी दारात बसून असते. माझ्याकडे बघते आणि मान फिरवते.

हरेश, मी तुला उगाच आडून आडून विचारतेय. मला उत्तर माहीत आहे.

मांडव उतरवताना तू म्हणालास, फुलं उकिरड्यावर टाका. देवकासमोर वाहिलेली फुलं उकिरड्यावर? पायाखाली यायची. ओढ्यात सोडावीत तर ओढा कोरडा ठणठणीत. मग आई करायची तेच केलं, निर्माल्य गाईच्या तोंडी दिलं. दोन टोपल्या. पाठीवरून हात फिरवत म्हटलं, खा बाई, विमानातला प्रसाद आहे.

डॉक्टरला बोलावणं गेलं, तेव्हा गव्हाणीत जांभळ्या पाकळ्या पडल्या होत्या. मी त्या झाडून काढल्या. कुणी यायच्या आत. डॉक्टरांनी विचारलं तर म्हटलं, "पेंढा खाल्ला, दुसरं काय?" मग कुणीतरी विचारलं, आज औषध कुणी फवारलं? मी रंभाचं नाव घेतलं नाही. फक्त तिच्या घराकडे बघितलं. झालं, तेवढ्यानं गावानं काय ते धरलं.

मला तुझी अब्रू राखायची होती, असं मी स्वतःला सांगत होते. ते खोटं. रंभावरचा संशयही स्वतःला फसवायलाच. गाभण गाय आपल्या हातानं मारली, हे मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

रविवारी मुरबाडच्या माणसांसमोर मी हे सगळं सांगणार आहे. शनिवारी तू ये आणि त्या फुलांवर काय होतं ते बोल. नाही आलास तरी मी बोलणार. तू म्हणशील, ताईचं डोकं फिरलंय. म्हण.

*

मंगळवार, सकाळ

पत्र पाकिटात घालायच्या आधी रात्रभर तळमळले. पहाटे उठून कूड ओलांडला आणि रंभाला ते वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही तिचा. शेवटी म्हणाली, "तू गव्हाण झाडत होतीस तवा मी कुडाशीच उभी होती. समदं बघितलं."

मी म्हटलं, मग बोलली का नाहीस गो?

"माझं कोन ऐकनार होतं? जावेनं जावेवर ढकललं, आसंच बोलली आसती लोकां. तू कदी बोलशील त्याची वाट बघत बसली. भूमिकेला बी सांगितला नाय मी."

एवढे दिवस तिच्यावर पाळत मी ठेवत होते. आणि ती माझी अब्रू झाकून बसली होती.

शनिवारी येताना फुलं आणू नकोस.

जावेच्या पुढ्यात जिची मान आता वर होत नाही, ती
तुझी ताई,
देवकी