पितृभूमीची माती आणि बावीस रोपं

पेन्झा, १९ एप्रिल

आदरणीय कापितोलिना वन्सं यांना नोन्नाचा नमस्कार.

तुमचा गुडघा, गाय आणि बदकं खुशाल असावीत. आम्ही ठीक. माझा रक्तदाब नेहमीचा, तुमच्या भावाचा वैचारिक.

निवृत्तीनंतर तो परंपरावादी झाला, हे तुम्ही जाणताच. (तीस वर्षं कॉलेजात द्वंद्वात्मक भौतिकवाद शिकवला. त्याच टिपणांच्या पाठकोऱ्या बाजूवर आता झार आणि चर्च यांच्याबद्दल लिहितो. कागद वाया जात नाही, एवढं मी मान्य करते.) दर शनिवारी दुपारी आमच्या स्वयंपाकघरात त्याचं 'मूळ' मंडळ भरतं. सात विद्वान, चार स्टुलं. पश्चिमेने आपली मुळं कशी उपटली यावर चर्चा होते आणि माझ्या खारवलेल्या टोमॅटोंची एक बरणी रिकामी होते. कपाटावर बर्चच्या लाकडाची पेटी आहे. तिच्यात त्याने तुमच्या अंगणातून भरून आणलेली पितृभूमीची माती. बैठकीआधी सगळे उठून तिला वंदन करतात (स्टुलं नसलेले तीन आधीच उभे असतात).

मार्चमध्ये तुमचा भाऊ कंबरेसाठी आरोग्यधामात गेला. बाहेरची जमीन लोखंडासारखी गोठलेली. इकडे सासूबाईंच्या टोमॅटोच्या बियाण्याची शेवटची पुडी हातात. यंदा पेरलं नसतं तर ते वाण संपलंच. मी पेटी उतरवली. केफिरच्या आंबट दुधाचे बावीस रिकामे खोके कापले, माती भरली, बी टोचलं, खिडकीत मांडलं. पेटी हलकी लागू नये म्हणून तिच्यात वापरलेली चहापत्ती वाळवून भरली. पुढच्या बैठकीत इप्पोलित गेर्मानोविच यांनी (पूर्वी शास्त्रीय नास्तिकता शिकवायचे, आता दाढी बेंबीपर्यंत) त्यातली चिमूट नाकाशी नेली आणि त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "इतिहासाचा वास!" (सिलोनचा होता.)

गेल्या शनिवारी कोणीतरी विचारलं, रोपं छान आहेत, माती कुठली? मी विचारल्याशिवाय सांगत नाही, पण विचारल्यावर खोटं बोलत नाही. सांगितलं.

इप्पोलित गेर्मानोविच उठले. "वहिनी, तुम्ही माती खाल्लीत!"

"खाल्ली नाही. पेरली."

मग मुद्दा निघाला की टोमॅटो मुळात अमेरिकेचा. पूर्वजांच्या मातीत परका! ठराव मांडला गेला: सगळी रोपं उपटून माती पेटीत परत भरावी. तीन विरुद्ध तीन. निर्णायक मत अध्यक्षांचं, म्हणजे तुमच्या भावाचं. तो छताकडे बघायला लागला.

"नोन्ना, तत्त्वाचा प्रश्न आहे गं."

"वेन्या, बी तुझ्या आईचं आहे."

तत्त्व त्याला प्रिय आहे आणि मला तो घाबरतो. मी वाद घातला नाही. टेबलावरची बरणी उचलली, झाकण घट्ट लावलं, कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. म्हटलं, "मग हेही परकेच. काटे खाली ठेवा." इप्पोलित गेर्मानोविच यांचा काटा तोंडाशी पोचला होता. तो तिथेच थांबला.

त्यानंतर दीड तास परंपरेचं सखोल चिंतन झालं. नवा ठराव असा: 'जे रशियन बरणीत एक हिवाळा मुरलं, ते रशियन.' सातही हात वर. पहिला हात कोणाचा, ते सांगायला नको. रोपं वाचली.

गुडघ्याला लोकरीचं फडकं बांधत जा.

तुमची,
नोन्ना

ता. क. एक विचारायचं राहिलं. रोपांचे देठ अंगठ्याएवढे जाड झाले आहेत, सासूबाईंच्या काळातही असे नव्हते. तुमचा भाऊ म्हणतो, माती आजोबांच्या उंबरठ्यापाशी खणली. खरं सांगा वन्सं, त्या दिवशी तो चष्मा विसरला होता ना? ती जागा बदकांच्या खुराड्यामागची ना?

दुसरा ता. क. असेल तर त्याला काही बोलू नका. तिथलीच दोन पोती पाठवा.

तिसरा ता. क. तीन पाठवा. मंडळाने ती माती पुरचुंडीत बांधून गळ्यात घालायचं ठरवलं आहे. इप्पोलित गेर्मानोविच यांचा आग्रह आहे की त्यांची ताजी असावी.