चढावर गाडी ओढत नाही

२ नोव्हेंबर

आज टेकडीच्या चढावर गाडीनं मान टाकली. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी ओढेना. मागून काळा धूर. स्कूटरवरचे एक आजोबा ओव्हरटेक करून गेले, वर वळून बघूनही गेले.

शेजारी बबडी बसली होती. म्हणाली, बाबा, माझ्या बाजूनं शिट्टीसारखा आवाज येतोय. तिला सांगितलं, टर्बोची गाडी शिट्टी मारणारच. टर्बो म्हणजे इंजिनात जबरदस्तीनं हवा कोंबणारा पंखा. मग बूस्ट म्हणजे त्या हवेचा दाब, तेही सांगितलं. घर येईपर्यंत समजावत होतो. लेक पुढे काही बोलली नाही. पटलं असावं.

निदान: बूस्ट गेलंय. मूळचा टेक्निकल माणूस असल्यामुळे तिथल्या तिथे कळलं. नोकरी स्टोअर्समध्ये केली, ही गोष्ट वेगळी.

३ नोव्हेंबर

पंधरा तारखेला बबडीला नोकरीच्या गावी सोडायचंय. पहिलीच नोकरी, पहिल्यांदाच घराबाहेर. मी नेणार, हे केव्हाच ठरलंय. चार तासांचा रस्ता, त्यात निम्मा चढ. चार तास आम्ही दोघंच! गेली काही वर्षं आमचं बोलणं म्हणजे गिझर बंद केलास का आणि दार लाव. आता गाडीत निवांत बोलणार. मुद्दे तयार आहेत: वक्तशीरपणा, जिद्द, आणि हातात घेतलेलं काम अर्धवट सोडायचं नाही.

संकल्प: गाडी स्वतः दुरुस्त करणे.

४ नोव्हेंबर

सौ. म्हणाली, मेकॅनिककडे टाका. मी म्हटलं, तो नुसते पार्ट बदलतो, निदान करत नाही. ती म्हणाली, आणि तुम्ही नुसतं निदान करता. या बाईशी तर्कानं बोलण्यात अर्थ नाही.

६ नोव्हेंबर

एअर फिल्टर बदलला. जुना इतका घाण निघाला की बघूनच समाधान वाटलं. दुसरं काही असूच शकत नाही.

ट्रायल घेतली. गाडी चढाच्या निम्म्यावर गेली. त्या दिवशीही निम्म्यावरच गेली होती, पण आज जास्त मोकळेपणानं गेली.

८ नोव्हेंबर

स्कॅनर आला. मोबाइलला जोडायला अख्खी सकाळ गेली. शेवटी स्क्रीनवर आलं: बूस्ट प्रेशर कमी. हे तर मी पहिल्या दिवसापासून ओरडून सांगतोय! सौ.ला मुद्दाम बोलावून दाखवलं. म्हणाली, बरं, मग आता? काही लोकांना दुसऱ्याचं यश बघवत नाही.

९ नोव्हेंबर

आज शास्त्रशुद्ध परीक्षा. हवा कुठून गळते ते शोधायला इंजिन चालू ठेवून सगळ्या पाइपांना साबणाचं पाणी लावलं. बबडीला टॉर्च धरायला उभं केलं. बुडबुडा एक नाही. म्हणजे पाइप सगळे ठणठणीत.

बबडी म्हणाली, बाबा, तुम्हाला एक विचारायचंय. म्हटलं, गाडीत विचार, चार तास आहेत, आत्ता टॉर्च हलवू नकोस. बरं म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, पण ती शिट्टी चढावरच येते, उभ्या गाडीत कशी कळणार? मी म्हटलं, बुडबुडे खोटं बोलत नाहीत.

१० नोव्हेंबर

हवेचा दाब मोजणारा सेन्सर काढून धुतला. वाळवायला सौ.चा हेअर ड्रायर घेतला. सेन्सर वाळला. ड्रायर मात्र आता फक्त गार हवा सोडतो. सौ. सकाळपासून माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे काम झपाट्यानं होतंय.

संध्याकाळी मेहुणा टपकला. स्वभावानं चांगला, पण गाडीतलं ओ की ठो कळत नाही. त्याचा डबा विनाटर्बोचा, चढाला लागला की दुसऱ्या गियरच्या वर जात नाही. मी विचारलं, तुला चालतं हे? म्हणाला, जाते की सावकाश. वर म्हणतो, पंधराला मी मोकळाच आहे, वाटलं तर मागनं येतो. नको म्हणून स्पष्ट सांगितलं. माझ्या मुलीला मी सोडणार.

१२ नोव्हेंबर

कमरेत उसण भरली. दोन दिवस बॉनेटमध्ये डोकं घालून वाकलो होतो. आडवा पडून आहे. हातांचा काळेपणा जात नाही, नखं बघवत नाहीत. दमलोय. खरंच फार दमलोय.

बबडी बाम घेऊन आली. चोळून झाल्यावर पलंगाच्या कडेला बसून राहिली. मी डोळे मिटून टर्बोचा विचार करत होतो. तिला वाटलं झोप लागली. दिवा घालवून गेली. असो, गाडीत बोलूच.

१४ नोव्हेंबर

सपाट रस्त्यावर ट्रायल. झकास! लोण्यासारखी चालली. चढावर मुद्दामच नेली नाही. उद्यासाठी तिचा दम राखून ठेवलेला बरा.

१५ नोव्हेंबर, सकाळ

निघतोय. बॅगा चढवल्या, टायरमध्ये हवा भरली, काच पुसली. सौ. दारात उभी राहून लेकीला सूचना देतेय आणि डोळे पुसतेय. मी मुद्दे पुन्हा एकदा मनात म्हणून बघितले. सुरुवात वक्तशीरपणापासून.

१५ नोव्हेंबर, संध्याकाळ

वक्तशीरपणा चालू असतानाच चढ लागला. निम्म्यावर डॅशबोर्डवर पिवळा दिवा, मग धूर, मग गाडी पायी चालल्यासारखी. बबडी म्हणाली, बाबा, ऐका ना, तोच आवाज. मी म्हटलं, आत्ता नको, मला लक्ष देऊ दे. लक्ष दिलं. गाडी थांबली.

मागनं मेहुणा आला. सौ.नं त्याला गुपचूप सांगून ठेवलं होतं. एक अक्षर बोलला नाही, बॅगा उचलून त्याच्या डब्यात टाकल्या. तो काही बोलला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. बबडीनं वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, जिद्द सोडू नकोस. दुसरं काही सुचलंच नाही.

घरघर करत, दुसऱ्या गियरमध्ये, त्यांची गाडी वळणाआड गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुरानं आलं असं लिहिणार होतो, पण इंजिन केव्हाच बंद होतं.

१६ नोव्हेंबर

मेकॅनिक. काल उतारानं कशीबशी घरी आणलेली गाडी त्याच्यापुढे उभी केली. त्याला माझं सगळं निदान ऐकवलं. जांभई देत म्हणाला, चढावर नेऊन बघू. चालवायला तो बसला. स्कॅनरवर नजर ठेवायची म्हणून मी डावीकडे बसलो. गाडी घेतल्यापासून त्या सीटवर आजच पहिल्यांदा बसलो.

चढ लागला आणि शिट्टी आली. डावीकडून, पायांच्या पुढून, स्वच्छ. कुकरची येते तशी. मेकॅनिकला विचारलं, ऐकू येतंय का? म्हणाला, इकडे काही नाही बुवा. खरंच, ड्रायव्हरच्या बाजूला ऐकूच येत नाही. त्यातून ड्रायव्हर बोलत असला तर मुळीच नाही.

डाव्या दिव्यामागचा होजपाइप खालच्या अंगानं फाटला होता. बोटभर चीर. इंजिनावर ताण आला, हवेचा दाब वाढला की उघडते, एरवी मिटलेली. उभ्या गाडीत बुडबुडा कुठून येणार? पाइप बदलायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. मेकॅनिकनं विचारलं, शिट्टी कधीपासून होती? मी म्हटलं, कालपासून.

१७ नोव्हेंबर

मेहुणा परत आला. पोचायला सहा तास लागले म्हणे. मी म्हटलं, बघ, म्हणून टर्बो लागतो. तो म्हणाला, उलट बरंच झालं, पोरगी रस्ताभर बोलत होती. मी काय, हूं हूं करत होतो.

काय बोलत होती? मेहुणा आधी चहा प्यायला. मग म्हणाला, घाबरलीये. विचारत होती, मामा, नाहीच जमलं आणि महिन्याभरात परत आले, तर बाबा चिडतील का? मी सांगितलं, छे, चिडतायत कसले!

बरोबर सांगितलं त्यानं. मी खरंच चिडणार नाही. पण हे तिला मामानं का सांगावं? मला विचारायला आली होती ती. टॉर्च धरून उभी होती.

१८ नोव्हेंबर

फोन केला. होजपाइपचं सांगितलं. म्हणाली, आता चढते का? म्हटलं, चढते. म्हणाली, छान. मग म्हणाली, ठेवू? म्हटलं, ठेव.

संकल्प: रविवारी स्वतः जाऊन सांगणे. असल्या गोष्टी फोनवर सांगायच्या नसतात.

२२ नोव्हेंबर, रविवार

पहाटे निघालो. गाडीला पंख फुटलेत! सबंध चढ एका दमात. एकच वाक्य सांगायचं होतं: नाही जमलं तर बिनधास्त परत ये, मी आहे. वाटेत चारपाचदा मोठ्यानं म्हणून बघितलं. जिद्द वगैरे मुद्दे रद्द.

बबडी तिच्या खोलीवरून खाली आली. चेहरा उतरलेला वाटला. शेजारी बसली. म्हटलं, चल, चक्कर मारू. तिच्या गावातही एक चढ आहे. तिथे म्हटलं, ऐक बरं, शिट्टी येते का? ती खिडकीला डोकं टेकून ऐकत राहिली. मी एसीचा पंखा बंद केला आणि गप्प बसलो. चढ संपेपर्यंत कोणीच बोललं नाही. बरं वाटत होतं.

म्हणाली, नाही येत, बाबा. मी म्हटलं, तू पहिल्याच दिवशी बरोबर सांगितलं होतंस. ती हसली. किती दिवसांनी हसली! एवढी खूश झालेली बघून मला राहवेना, मग चीर कुठे होती, ताण आला की ती कशी उघडते, ते नीट समजावून सांगितलं. ती राहते त्या इमारतीचं फाटक आलं. उतरताना म्हणाली, सावकाश जा. थोडा वेळ गाडीचं दार धरून उभी होती. मग गेली.

परतीच्या उतारावर आठवलं, वाक्य राहिलं.

पंखा बंद केला, काच वर घेतली, ऐकलं. शिट्टी नाही, काही नाही. गाडी उत्तम चालते.