आतड्यावर ताबा

३ जानेवारी १९८३, सोमवार
नवीन वर्षाचा संकल्प आज करतोय, कारण शनिवार-रविवार संकल्पाला सुट्टी असते. संकल्प एकच: मेडिकल कॉलेजच्या शरीरशास्त्र विभागातली लेक्चररची पोस्ट. फेब्रुवारीतल्या सेमिनारवर ठरणार. दावेदार दोघंच, मी आणि मृणालिनी. ती हुशार आहे, पण तिच्यात माझ्यासारखी खोली नाही.
बाबांची गिरणी संपात बंद पडून वर्ष होत आलं. घर आईच्या खानावळीवर चाललंय, आणि तिथे जेवणारेही संपावरच. म्हणजे सगळं माझ्यावर. मला याचं बिलकुल टेन्शन नाही.

संध्याकाळ
सेमिनारची तारीख बोर्डावर लागली. वाचली आणि तसाच संडासाकडे धावलो. योगायोग.

१० जानेवारी, सोमवार
लॅबमध्ये गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा कोमट, खारट पाण्यात टांगला. ॲसिटिलकोलीनचा, म्हणजे मज्जातंतूच्या निरोप्या रसायनाचा, थेंब टाकला. तुकडा आवळला, त्याला जोडलेल्या सुईने फिरत्या ड्रमवरच्या काजळीत सुरेख डोंगर काढला. हे कुणालाही जमतं. माझा प्रश्न खोल आहे. मज्जातंतूचा निरोप स्नायूपेशीवरच्या रिसेप्टरला मिळतो, मग पेशीच्या भिंतीतलं आयन चॅनेल उघडतं, सोडियम आत शिरतं, स्नायू आवळतो. पण रिसेप्टरचा निरोप चॅनेलपर्यंत नेतं कोण?
आईला सोपं करून सांगितलं. रिसेप्टर म्हणजे दाराची कडी. ती वाजवली म्हणून दार आपोआप उघडत नाही, आतून कुणीतरी उठावं लागतं. तो 'कुणीतरी' शोधणं म्हणजे माझी पीएचडी. आई भाकरी थापत म्हणाली, त्यात शोधायचं काय रे आनंदा, मीच उठते ना.
सामान्य माणसाला विज्ञान सांगणं कठीण.

१९ जानेवारी, बुधवार
यश! काचेची बारीक सुई पेशीत शिरली आणि चक्क टिकली. पडद्यावर रेषा स्वच्छ. एरवी ती मोडते, कारण परळची जमीन सतत थरथरत असते. आता आजूबाजूच्या गिरण्या बंद, त्यामुळे शांतता. संपाचा विज्ञानाला फायदाच झाला, असं मी जेवताना सांगितलं.
बाबा कालच संपाच्या गेटसभेत बोलून आलेत, घसा बसलाय. हात धुऊन गॅलरीत जाऊन उभे राहिले. आईने मला दुसऱ्यांदा आमटी वाढली नाही. संपली असावी.

२ फेब्रुवारी, बुधवार
डिपार्टमेंटमध्ये सेमिनारची तालीम. उत्तम चालली होती. मधेच पोटात कळ आली, बाहेर जावं लागलं. परत येतो तर मृणालिनीने माझ्याच स्लाइड्सवर माझं पुढचं भाषण सांगून टाकलेलं. सगळे माना डोलवत होते. तिचा माझ्यावर जीव असावा. नंतर म्हणाली, पोटाचं बघ, दहीभात खा.
घरी येताना विचार केला. आतडं म्हणजे शेवटी स्नायू. स्नायू रिसेप्टरचं ऐकतो. रिसेप्टरला कुलूप घालता येतं. अख्ख्या लालबागमध्ये हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

१७ फेब्रुवारी, गुरुवार
गोळ्या आणल्या. बेलाडोनाच्या जातीतल्या. ॲसिटिलकोलीनची जागाच अडवतात, निरोप बाहेरच्या बाहेर परत. आधी एखादी घेऊन बघावी का? गरज नाही, तत्त्व स्पष्ट आहे. आई म्हणाली, चिमूटभर ओवा खा. हसलो. ओव्याचा रिसेप्टर अजून कुणी दाखवलेला नाही.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळ
आज सेमिनार. एक गोळी घेतली. बस स्टॉपवर उभा राहिलो तरी काहीच फरक वाटेना. आणखी दोन घेतल्या.

दुपार
लिहिताना अक्षरं दिसत नाहीत. अंदाजाने लिहितोय.
पहिलं वाक्य बोलायला तोंड उघडलं तर जीभ टाळूला चिकटलेली. 'रिसेप्टर'मधला 'र' निघाला, पुढचं निघेना. तांब्याभर पाणी प्यायलो. प्रोजेक्टरचा उजेड डोळ्यांत घुसायला लागला आणि माझे आलेख म्हणजे नुसता धूर. छातीत गिरणीच्या साचेखात्यासारखी धडधड. मॅडम, म्हणजे आमच्या हेड डॉ. पद्मजा, स्टेजवर आल्या, सगळ्यांसमोर माझी नाडी धरली, डोळ्यांत टॉर्च मारला आणि विचारलं, काय घेतलंस? सांगितलं. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग अख्खं सभागृह.
मॅडम म्हणाल्या, आनंदा, हे रिसेप्टर फक्त आतड्यात असतात असं तुला कुणी सांगितलं?
कुणीच नाही. ते लाळेच्या ग्रंथीत, डोळ्यात, हृदयात असतात, असं मीच थिसिसच्या पहिल्या पानावर लिहिलंय.
पोट मात्र शांत होतं. त्या दृष्टीने प्रयोग यशस्वी.

१९ फेब्रुवारी, शनिवार
घरी सांगितलं, निकाल यायचाय. आईने विश्वास ठेवला. बाबांनी नाही. गॅलरीत शेजारी येऊन उभे राहिले. मालवणीत म्हणाले, माका पण होता तसा. गेटसभेच्या आधी पोट ढवळता.
 बाबा हजार माणसांसमोर बोलतात. विचारलं, मग बोलता कसे?
म्हणाले, संडासात जाऊन येतंय आणि बोलतंय.
यावर शास्त्रीय आक्षेप घ्यायला जागा सापडली नाही.

७ मार्च, सोमवार
पोस्ट मृणालिनीला. तिने पेढा दिला. म्हणाली, तुझं ते सुईचं रेकॉर्डिंग अख्ख्या डिपार्टमेंटमध्ये बेस्ट आहे, थिसिस पुरा कर. तिच्यात खोली आहे, हे मी पूर्वीच ओळखलं होतं. माझी डेमॉन्स्ट्रेटरची तात्पुरती जागा तूर्त शाबूत. नाहीतरी पोस्टपेक्षा संशोधन मोठं.
बाबा आजपासून भायखळ्याहून भाजी आणून नाक्यावर बसायला लागले. आई म्हणाली, ओळखीच्या कुणी बघितलं तर? बाबा म्हणाले, ओळखीचेच घेतील. संध्याकाळी उरलेली कोथिंबीर मी वर आणली. टोपलीत फार नव्हतीच.

२० एप्रिल, बुधवार
डिपार्टमेंटच्या विज्ञानात माझी कायमची भर पडली. एमबीबीएसच्या परीक्षेत मॅडमनी प्रश्न काढलाय: एका तरुणाने भाषणाआधी पोट शांत राहावं म्हणून गोळ्या घेतल्या. तोंड कोरडं, बाहुल्या मोठ्या, नाडी जलद. कारणं द्या.
पेपर तपासायला माझ्याकडे. बहुतेकांना बरोबर आलंय. एकाने शेवटी स्वतःहून जोडलंय, 'रुग्णाचा शरीरशास्त्राशी काही संबंध नसावा.'
लाल पेन उघडलं, उत्तर दोनदा वाचलं. मार्क कापायला कारण मिळेना.