बाबांच्या नावाचं गेट

२७ जानेवारी २०१३

कालच्या ग्रामसभेत ठराव झाला — माझ्याच तोंडून! गावात जो कोणी लेआउट पाडेल, त्यानं प्लॉटमागे विकास शुल्क भरायचं, आणि त्यातून आधी पाण्याची नाली. टाळ्या काय पडल्या! नंदाबाई खालच्या टोल्यातून, उतारावरच्या त्या वस्तीतून, बिड्या वळणं टाकून आली होती. म्हणाली, "सरपंचीनबाई, नाली करजो वो, मंग खुशाल घरं येऊ दे." शाळेत एका टाटपट्टीवर बसायचो आम्ही. सरपंचीनबाई म्हणते ते चिडवायला.

फार फुगले होते काल.

९ फेब्रुवारी

पहिलं लेआउट कोणाचं? गजेंद्रचं! सख्ख्या धाकट्या भावाचं. माहेर याच गावात, सासरही याच गावात — पळू कुठं?

बोडीखालचं धानाचं शेत. बोडी भरली की तलावाचं जास्तीचं पाणी तिथूनच उतरतं. त्यावर मुरूम टाकून उंच करणार म्हणे. गोंदियाचे मास्तर लोक प्लॉटसाठी रांगेत आहेत. शुल्काचं काढलं तर म्हणाला, "बाई, आता भावाजवळून वसुली करशील का?" अर्धा चहा ठेवून उठला.

२ मार्च

पुन्हा आला. शुल्क सोड, त्याबदली गावाले गेट बांधून देतो म्हणे. मोठ्ठं, टाइल्सचं, खांबाशी उंच ओटा. खांबावर संगमरवरी दगड आणि त्यावर बाबांचं नाव — कै. केवळराम.

नाव ऐकलं आणि मी विरघळले. बाबा गेले तेव्हापासून त्यांच्या नावानं एक झाडही लावलं नाही आम्ही. ग्रामसेवक म्हणाले, "मॅडम, नाली कोणाला दिसत नाही, गेट दिसतं." दिसतं! मलाही तेच हवं होतं. खोटं कशाला लिहू?

९ मार्च

सभा बोलावून ठराव फिरवला. हात वर करा म्हटलं. नंदाबाईनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग केला.

१९ मे

गेटचं उद्घाटन. बँड, पेढे, फोटो. आई गजेंद्रकडेच राहते, तिला मी हात धरून नेलं. वाचता येत नाही तिला, दगडावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग आजूबाजूला पाहत म्हणाली, "नाली कुठी हाये?"

पुढच्या वर्षी, म्हटलं. पेढा घेतला नाही तिनं.

२० मे

आई आज माझ्याकडे आली. मी तांदूळ निवडत होते. काही विचारलं नव्हतं, तरी सांगत बसली. बोडीचं पाणी सोडायचं काम बाबांकडे होतं. बोडीखाली कोणी धानाची नवी बांधी काढली तर बाबा आधी त्याच्याकडून पाट खोदून घ्यायचे. खालच्यांचं नुकसान नको. पाट झाला की मगच पाणी. मोठ्या काकांनी एक साल पाट खोदला नाही. "सख्ख्या भावाले पानी नाई देलं त्यायनं. धान सुकून गेलं, तरी नाई देलं. घरी भांडन झालं तवा मीच रडली होती."

मान वर करता आली नाही मला. खडे निवडायचे राहूनच गेले. संध्याकाळी भातात लागले सगळ्यांना.

११ जून

गेट टाळून मागच्या वाटेनं जाते हल्ली. सरपंच आणि चोरासारखी!

१८ जुलै

तीन दिवस झाले, पाऊस थांबेना. गजेंद्रचं लेआउट ठणठणीत! बोडीचं सगळं पाणी त्या मुरुमाला अडून वळलं, ते थेट खालच्या टोल्यात. नंदाबाईची मागची भिंत बसली. बिडीचा तेंदूपत्ता भिजून गोळा झाला. माणसं वाचली, देवाची कृपा.

टोला सगळा गेटखाली जमलेला. तेवढाच ओटा उंच. नंदाबाई खांबाला टेकून बसली होती, बरोबर बाबांच्या नावाखाली. म्हणाली, "तुया बाबानंच आसरा देला, पाह्य."

टोमणा मारला असता तर बरं झालं असतं! मनापासून म्हणत होती बिचारी. तुझी भिंत मी पाडली गं, हे तोंडातून निघालंच नाही. चहाची सोय करते म्हणून निघून आले. शी! काय बाई आहे मी!

२१ जुलै

गजेंद्रला म्हटलं, अजूनही शुल्क भर. हसला. "ठराव कोणं फिरवला, बाई? मी देल्लं गेट, घेऊन जाय उचलून!"

मेल्याचं खरंच आहे.

२३ जुलै

सकाळी ओरडाआरडा. खांबावर बाबांचं नावच नाही! दगड पुरता चिखलानं लिंपलेला. गजेंद्र टोल्यातल्यांना शिव्या घालत होता. मीही तणतणत होते — खोटं नाही. आईच्या कानावर जायच्या आधी आपणच सांगावं म्हणून धावत तिच्याकडे गेले.

आई ओसरीवर बसली होती. हात कोपरापर्यंत चिखलाचे.

"नाली झाली का मंग धुजो," म्हणाली.