उदासीन बायांची काळीपिवळी

हिवरखेड, मंगळवार

चि. सौ. गोकर्णा, माही धाकटी जाऊ, इले वच्छलाचे आशीर्वाद. देवरावभाऊजीच्या गुडघ्याची चौकशी केली असं समज. (उत्तर लांब लिहू नको, मागच्या वेळचं अजून वाचून संपलं नाई.) मी बरी आहे. तुह्या भासऱ्याले, आमच्या म्हाताऱ्याले, आता ऐकू येत नाई, म्हणून घरात शांतता आहे.

तू तुह्या भावाच्या पोरासाठी, त्या अकोल्याच्या खतदुकानवाल्या किशोरसाठी, आपल्या आरतीचं विचारलं होतं. नितेशनं (बाप असला तरी कधीमधी ठरवते तो) पोरीले सांगून ठेवलं होतं, का अमरावतीच्या परिषदेत तुहा निबंध टिकला आन् मॅडमनं पीएचडीले घेतलं त शिक, नाई त अकोल्याच्या पाहुण्याइले हो म्हणतो. पोरगी महिनाभर धड जेवली नाई. मी आजी, नुसती पाहत बसू काय?

निबंध राज्यशास्त्राचा. नाव, वऱ्हाडातील ग्रामीण स्त्रियांची राजकीय उदासीनता. म्हणजे खेड्यातल्या बायांले राजकारणाचं काही पडलं नाई. त्यासाठी तिनं आपल्याच गल्लीत घरोघरी जाऊन प्रश्न विचारले होते. आता भाषण म्हटलं का समोर माणसं पाहिजे. रिकाम्या खुर्च्याइपुढे बोलून कोणी निवडून आलेला मी त पाह्यला नाई. म्हणून शुभमची काळीपिवळी जीप सांगितली, गल्लीतल्या बाया तिच्यात कोंबल्या आन् अमरावतीले राजापेठेच्या पुढच्या त्या कॉलेजात नेऊन पुढच्या रांगेत बसवल्या. आरतीले सांगितलं नाई. (सांगितलं असतं त नाई म्हटलं असतं.)

बायाइनं शिस्त सोडली नाई. पहिला निबंध धम्मदीप नावाच्या पोराचा होता, चांगला होता म्हणतात, पण एकीनंही टाळी वाजवली नाई. तो आपला उमेदवार नाई. आरती उभी राह्यली तशा टाळ्या सुरू झाल्या त्या अध्यक्षानं घंटी वाजवली तरी थांबेनात. तिनं भिंतीवर बायांची उत्तरं दाखवली, नावं लपवून, त आपल्या शेजारची देवकाबाई उठून म्हणे, "हे त मीच बोलली होती." भाषण झाल्याबरोबर सगळ्या उठून चालू लागल्या, काहून का आपला माणूस बोलला का सभा संपते.

तेवढ्यात अध्यक्ष सर म्हणाले, "थांबा जरा. आरती, ह्याच का त्या उदासीन स्त्रिया?"

हॉल हासला. मॅडमनं डोक्याले हात लावला. पोरगी कापसासारखी पांढरी पडली. मी समजली, किशोरचं नशीब फळफळलं.

सरनं माईक देवकाबाईपुढे धरला. "तुम्ही कशासाठी आल्या?"

"वच्छलाबाईनं म्हटलं जेवण आहे."

"आणि विषय काय होता?"

"कोणाले माईत. आमाले काय करायचं राजकारण. पंखे मात्र चांगले आहेत तुमचे."

सर मॅडमकडे पाहत राह्यले. मॅडमनं डोक्यावरचा हात खाली घेतला आन् म्हणाल्या, याच्याहून मोठा पुरावा मी आजवर पाहिला नाही. आरतीले पीएचडीले घेतलं. मंग बायाइनं परिषदेची जिलेबी संपवली (त्या धम्मदीपलेही उरली नाई) आन् आमी परत निघालो. आरती गाडीत माह्याकडे पाठ करून बसली, पण अकोटले थांबून तिनं मले चहा पाजला.

तवा तुह्या भावाले सांग, दुसरीकडे पाहा. पोरगं वाईट नाई, पण त्याच्या अंगाले युरियाचा वास येते.

तुही मोठी जाऊ,
वच्छला

ता. क. आपला वार्ड यंदा बायांसाठी सुटला. मी उभी आहे. तुमच्या घरची नावं अजून हिवरखेडच्याच यादीत आहेत, त सगळे या. किशोरचा राग मतावर काढू नका. (मत गुप्त असते, पण मले समजते.) अमरावतीची फेरी वाया गेली नाई, जातानाच गाडीत सगळ्या बाया पक्क्या झाल्या. देवकाबाई पाण्याच्या टाकीवरून अडून होती, तेही अंजनगावच्या आत मिटलं. माईक आला तवा मी तिले काही सांगितलं नाई, फक्त तिच्याकडे पाह्यलं. हुशार बाई आहे, माह्या बाजूनं आहे तोवर.

आखरीचं. हे आरतीच्या कानावर जाऊ देऊ नको. पीएचडी होईस्तोवर तिले बाया उदासीनच पाहिजेत.