ठकीची पहिली खेप

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन पानं पडद्यांच्या कापडावर लिहिलीस आणि अगदी शेवटी एका ओळीत, ठकीच्या दाढेवर काळा ठिपका दिसतो म्हणून! ताई, चार वर्षांच्या पोरीची दाढ पडद्यांच्या आधी यायला हवी होती. तुमच्या मोठ्या हॉस्पिटलात मुलांच्या दातांचा विभाग आहे, तिथे तिला लगेच दाखव.

आमच्या दातांच्या दवाखान्यात हल्ली गंमत चालली आहे. मी नोकरीला लागले तेव्हा मुलं पहिल्यांदा यायची ती गाल सुजवून, रात्रभर रडून. आता जेमतेम दोन दात आलेली बाळं कडेवर बसून येतात. दुखत काहीच नसतं, नुसतं दाखवायला. पण काही मुलं अजूनही सुजल्यावरच येतात, आणि त्यांचे आईबाप चांगले शिकलेसवरलेले. असं का, हे मला काही केल्या उमगत नाही.

ठकीला पापा. माझ्यावरचा लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

९ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

डॉक्टरीणबाई, हुकूम पोचला! दोनदा नंबर लावला. पहिल्या वेळी ठकीला शिंका सुरू झाल्या. दुसऱ्या वेळी दारापर्यंत गेलो, पण गर्दी एवढी की परत फिरलो.

ती घाबरते गं. मी रोज समजावते, की सुई नाही, मशीन नाही, कोणी धरून ठेवणार नाही. तर काल तिने विचारलं, की धरून का ठेवतात? मी तिला खेळायला पिटाळलं. तुझे भावोजी म्हणतात, दुधाचे दात पडायचेच आहेत. थोडं थांबू या का?

रागावू नकोस, आणि तब्येतीला जप.

तुझी,
ताई

१५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दुधाची असली तरी ती दाढ अजून बरीच वर्षं टिकायला हवी, आणि कीड भावोजींचं ऐकत नाही. आज ठिपका भरून भागेल. उद्या दुखायला लागलं, तर ठकीला खुर्चीची ओळख दुखण्यातूनच होईल.

मी आता प्रत्येक आईबापाला विचारते, तुमची पहिली वेळ कशी गेली? परवा एक मिशाळ बसड्रायव्हर सुजलेल्या मुलीला घेऊन आले होते. माझा प्रश्न ऐकून त्यांचा हात स्वतःच्याच गालावर गेला. त्यांना लहानपणी तिघांनी दाबून धरलं होतं. मुलीला आणायचं म्हटलं की दर वेळी काहीतरी आडवं यायचं. ताई, शिंका आणि गर्दी मी रोज ऐकते.

लहानपणी दाढ काढताना तुलाही असंच धरलं होतं, तेव्हा मी बाहेर बाकावर होते. तुझा आवाज अजून आठवतो. त्यानंतर तू स्वतःचे दातही कधी दाखवले नाहीस, आणि सुट्टीत आलीस तेव्हा एकाच बाजूने चावत होतीस. ठकीला तिच्यासाठी नेऊच नकोस. तू तुझी दाढ दाखवायला जा आणि तिला सोबतीला ने.

आगाऊपणा पोटात घाल.

तुझी,
धाकटी

२४ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून असा राग आला, की दोन दिवस तुझं नाव काढलं नाही. मग ठकीला सांगितलं, माझी दाढ दुखते, सोबत येशील का? बाईसाहेब स्वतः चपला घालून दारात उभ्या!

खुर्चीत बसले आणि लगेच उठायला निघाले. ठकीने माझं बोट धरलं आणि मी तिला शिकवलेलं सगळं मलाच ऐकवलं, अगदी माझ्याच सुरात. तिथल्या तरुण डॉक्टरणीने तिच्या हातात छोटा आरसा दिला. माझ्या तोंडात डोकावून ठकीने सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं जाहीर केलं, की आईचं भोक केवढं तरी मोठं आहे. मग मला उठवलं आणि स्वतः चढून बसली. ठिपका वरवरचाच निघाला, तिथल्या तिथे भरला. थोडी कुरकुरली, पण खुर्ची वरखाली करून दाखवल्यावर उतरायलाच तयार नव्हती.

माझी कीड मात्र खोल गेली आहे. गुरुवारी पुन्हा बोलावलंय. ठकी म्हणते, बालवाडी बुडवून ती येणार, मला एकटीला पाठवायचं तिच्या जिवावर येतं. तुझ्या भावोजींनी तिला समजावून पाहिलं. मी मात्र नको म्हटलं नाही. धाकटे, मला ती खरंच बरोबर हवी आहे.

अशीच हक्काने कान धरत जा.

तुझी,
ताई